जाळ्यांच्या खोलीची किल्ली

वस्तीतली सगळी जाळी एका खोलीत कुलपात आहेत आणि किल्ली माझ्याकडे आहे. कुणी जाळी हौसेनं दिलेली नाहीत, मीच दारोदार फिरून मागून घेतली. मासे अंडी घालायला समुद्रातून नदीत वर चढतात, पण गिरणीचा बंधारा झाल्यापासून त्यांची वाटच बंद होती. हंगामात बंधाऱ्याचा दरवाजा उघडा ठेवायला गिरणीमालक तयार झाला, अट एकच: खालच्या आमच्या वस्तीनं मासेमारी थांबवायची. मासे परतले, की जाळी पुन्हा पाण्यात.

माझे मोठे दीर सगळ्यात शेवटी कबूल झाले. "तू म्हणतेस म्हणून," एवढंच बोलले आणि दुसऱ्या दिवसापासून गोदामात पोती उचलायला जाऊ लागले.

यंदा मासे आले. दरवाजातून असे उसळत वर गेले, की मी काठावर उभी राहून चक्क रडले. दिरांनी जाळं विणायची सुई शोधून काढली.

मग नदी समितीची बैठक झाली. वस्तीतर्फे तिथे मी एकटीच. समितीच्या साहेबांनी आमच्या त्यागाचं तोंडभर कौतुक केलं आणि आमच्याच तोंडाला पानं पुसली: खाली बंदी आणखी एक वर्ष, बंधाऱ्याच्या वर मात्र हौशी मासेमारांच्या मंडळाला गळ टाकायची परवानगी.

"आम्ही पोटाला चिमटा घ्यायचा आणि यांनी मजा मारायची?" माझा आवाज चढला. "जाळी कुलपात, तर गळही कुलपात घाला!"

"ताई, गळाला असे कितीसे लागतात?" मंडळाचे अध्यक्ष हसले.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण गिरणीमालक शांतपणे म्हणाला, "करार मोडला तर दरवाजा बंद. बघा बुवा."

मी ठरावाच्या बाजूनं हात वर केला. घरी येईपर्यंत स्वतःलाच शिव्या घालत होते.

दीर जाळ्यांच्या खोलीपाशी बसले होते. सुईत नवा दोरा भरलेला.

"काय ठरलं?"

सगळं सांगितलं, हात वर केल्याचंही. वाटलं, आता किल्ली हिसकावून घेतील. घेतली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

त्यांनी सुई माझ्यापुढे धरली. "हीही आत ठेव."

"भावोजी, पुढच्या वर्षी मी..."

"शब्द दिलायस, तर पाळू. पण यापुढे माझ्या वतीनं देऊ नकोस."

मी कुलूप उघडलं, सुई जाळ्यांवर ठेवली आणि कुलूप पुन्हा लावलं. वळून पाहिलं, तर ते गोदामाच्या वाटेला लागले होते.