उठवणारी

झाकण बसत नव्हतं. तिनं तळहातानं दाबलं, फिरवलं, पुन्हा दाबलं—एका बाजूनं बसलं की दुसरीकडून वर यायचं, हट्टी पोरासारखं. मग लक्षात आलं, झाकण साखरेच्या डब्याचं आणि पुढ्यात डबा पिठाचा. होतं असं. सगळे डबे एकदम घासायला काढले की कुणाचंही होईल. कुणाचंही... हल्ली हा शब्द ती औषधाच्या गोळीसारखा घ्यायला लागली होती, जेवणाआधी आणि जेवणानंतर.

रमजान दाराशी येऊन उभा होता. आज नाही तर उद्या चांद. दरवर्षी या दिवसांत तिच्या अंगात वारं शिरायचं—पडदे धुऊन व्हायचे, नमाजाच्या जानमाजांना ऊन दाखवायचं, खजूर निवडून ठेवायचे. यंदाही हात ते सगळं करत होते. पण हातांच्या मागे ती स्वतः उभी राहून त्यांच्यावर नजर ठेवून होती, चोरावर ठेवावी तशी. आता काय चुकवतेस, बघू.

कारण मागच्या आठवड्यात तिनं घर उठवलं होतं. अंधारात जाग आली, नेहमीसारखी, आपोआप. गॅस पेटवला, रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाचा स्वयंपाक केला, ताटं वाढली आणि नवऱ्याचा खांदा हलवून म्हणाली, उठा, सहरीची वेळ टळेल. नवरा आधी घाबरला, मग पोट धरून हसला.

"अगं, चांद अजून आभाळाच्या पोटात आहे, आणि तू पंगती वाढतेस?"

तो घड्याळजी. त्यानं दोष घड्याळांवर ढकलला: दुरुस्तीला आलेली दहा घड्याळं दहा तोंडांनी बोलतात, या घरात माणसानं विश्वास ठेवावा तरी कुणावर. पण ती कधी घड्याळ बघून उठलीच नव्हती, हेच तर. लग्न होऊन आल्यापासून सहरीला सगळ्यांना उठवायचं ते तिनं. भिंतीवर लाटणं ठोकलं की शेजारचं घर उठायचं, जिन्यात हाक मारली की वरचं. इमारतीत तिला 'गजर' म्हणत. माझ्या घरातलं न बिघडणारं यंत्र एवढं एकच, असं नवरा गिऱ्हाइकांना सांगत असे.

आणि त्या दिवशीही वेळ चुकलीच नव्हती. वेळ बरोबर होती. महिना चुकला होता.

हसणं तिनं पचवलं असतं. घात केला तो सुनेनं. ती डोळे चोळत आली, ताटांकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, मुकाट्यानं जेवायला बसली, आणि वर म्हणाली, उठलेच आहे तर आज रोजा धरते, तेवढंच पुण्य. आणि धरला की खरंच. दिवसभर दवाखान्याच्या काउंटरवर उभी राहून सुकल्या ओठांनी परत आली—का, तर सासूची चूक ही चूक ठरू नये. त्यापेक्षा तोंड वाजवलं असतं तर बरं होतं. भांडणाला उत्तर देता येतं. मायेला काय उत्तर देणार?

विसरून पाणी प्यालं तर रोजा मोडत नाही, अल्लाहनंच पाजलं समजायचं, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. गेल्या रमजानात भर दुपारी ती पेलाभर पाणी घटाघटा प्याली, तेव्हा याच वाक्यावर सगळे हसले होते, तीही हसली होती. पण नसलेला रोजाच जिला आठवतो, तिचं काय? तिच्यासाठी कुणी काही सांगून ठेवलंय का? आणि ते दुपारचं पाणी... म्हणजे तेव्हापासूनच की काय... नको. डबा पूस.

दुपारी भिंतीपलीकडची शेजारीण आली. झोपेच्या गोळीवर जगणारी बाई. आधी गोळीला शिव्या देऊन झाल्या, मग गुडघ्यांना, मग मुलाच्या मोबाइलला, जो वाजतो खरा पण मुलाला सोडून साऱ्या गल्लीला उठवतो. निघताना दारात थांबून म्हणाली, "गजरभाभी, यंदाही तुमच्याच भरवशावर हं. जरा जोरात ठोका. तुमच्यामुळे उपाशीपोटी रोजा कधी पडला नाही माझ्यावर."

यंदा नको, माझ्यावर राहू नका—शब्द घशाशी आले होते. तेवढ्यात आतून सुनेचा आवाज आला.

"ठोकतील ना. अम्मी कधी चुकल्यात?"

फार चटकन आला. विचारायच्या आधीच तयार असलेल्या उत्तरासारखा.

शेजारीण गेली. सून खजूर निवडत बसली होती. ती जाऊन सुनेसमोर बसली, एक खजूर उचलला, खाली ठेवला.

"ऐक. यंदा आधी तू मला उठव. मग मी उठवीन सगळ्यांना."

सुनेचे हात थांबले नाहीत. "उठवीन की. मोबाइलला गजर लावूनच ठेवलाय मी."

कधी लावलास, हे तिनं विचारलं नाही. "कुणाला कळायला नको," एवढंच म्हणाली.

"कुणाला कळतंय? ठोकणार तर तुम्हीच."

आता छातीवरचा दगड उतरेल, असं वाटलं होतं. थोडा उतरलाही. उघडं पडायची भीती होती, आणि ते तर केव्हाच, आपल्या पाठीमागे, आवाज न होता होऊन गेलं होतं. पण रिकाम्या झालेल्या जागी भलतंच काही येऊन बसलं. ती नेहमी सगळ्यांच्या घटकाभर आधी उठायची. कामासाठी नव्हे, काम तेवढं नसायचंच. घर झोपलेलं, घड्याळं आपापसांत कुजबुजतायत, आणि ती दिवा न लावता ओट्याशी उभी राहून अल्लाहशी बोलायची. दुआ नव्हे. नुसतं, शेजारणीशी बोलावं तसं; नवऱ्याच्या चहाड्यासुद्धा. वर्षभरात तेवढी घटका तिची एकटीची होती. ती आपण आत्ता देऊन टाकली, इतक्या सहज, उसनं मीठ द्यावं तशी. आता डोळे उघडतील तेव्हा घरात कुणीतरी आधीच जागं असेल.

तिनं सुनेकडे पाहिलं. बिचारी खाली मान घालून खजूर निवडत होती, तिला कशाचा पत्ता नव्हता, आणि मनात माया दाटून यायच्या ठिकाणी, लाज वाटावी इतका, हेवा दाटून आला. सांगावं हिला, की उठल्या उठल्या दिवा लावू नकोस, जरा अंधारातच थांब... मग वाटलं, नको. तिचं तिलाच सापडू दे.

आणि नाहीच सापडलं तर?