खोडलेला एक शब्द

'लाल लावा, निश्चिंत झोपा.' ही ओळ तिनंच लिहिली होती, आणि ती अशी पसरली की लोक दुकानात जाऊन हीटर नाही, नुसता 'लाल' मागायचे. आता त्याच बाईला त्याच लोकांना सांगायचं होतं, की बाबांनो, उठा आणि तो आधी बंद करा.

दुपारी दोन घरांत नव्या लाल हीटरच्या वायरींनी पेट घेतला होता. माणसं वाचली, हे नशीब. कारखान्याचा मालक म्हणजे तिचा सख्खा दादा. ऑफिसात त्याच्या नुसत्या येरझारा चालल्या होत्या. दिवस कलला होता, थंडी वाढत होती, घरोघरी आता हीटर लागणार होते. रेडिओवाले निवेदनासाठी खोळंबले होते.

दादानं ते लिहूनही ठेवलं होतं: 'ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठी निवडक उत्पादनांची मोफत तपासणी.'

"हे कुणाच्या डोक्यात शिरणार आहे?" ती म्हणाली.

"शिरेल तेवढं पुरे. बोभाटा नको."

तिची एक रीत होती. कुठलीही ओळ आधी पॅकिंगवालीला सांगायची, तिनं ड्रायव्हरला, त्यानं वॉचमनला, आणि वॉचमननं येऊन ती म्हणून दाखवायची. तीन तोंडांतून धड बाहेर पडली तरच ओळ खरी. तिनं दादाची ओळ तशीच सोडली. जरा वेळानं वॉचमन खुशीत दारात हजर! "ताई, हीटरवर काहीतरी फुकट आहे म्हणे. माझ्यासाठी एक ठेवा हं."

एरवी दोघं पोट धरून हसली असती. आज दादाचा चेहरा उतरला. तिनं कागद ओढून लिहिलं: 'लाल हीटर आत्ता बंद करा. प्लग काढा.'

दादानं पेन घेतलं आणि 'लाल' खोडलं. "एवढं तरी ऐक माझं. बाबांनी उभं केलेलं नाव आहे. किती पोटं आहेत यावर!"

"अरे, पण कुठला हीटर ते कळायला नको?"

"घाबरून सगळेच बंद करतील. झालं की काम!"

तिला काडीचंही पटलं नाही. पण दादाचा आवाज कापत होता, आणि तिनं कच खाल्ली. निवेदन गेलं.

लगेच वहिनीचा फोन. दादानं स्पीकर लावला.

"अहो, ऐकलंत का? हीटर बंद करा म्हणतायत. कुणाचे मेले एवढे भिकार निघाले? शेजारच्या काकू घाबरल्या होत्या. म्हटलं, तुमचा लाल आहे ना, खुशाल लावा! बाळाच्या खोलीतही परवा जुना काढून नवा लावलाय. छान झोपलंय बघा."

तीच ओरडली, "वहिनी, लालच! प्लग काढ! पळ!"

फोन आपटल्याचा आवाज. धावती पावलं. मग काहीच नाही. दादानं टेबलाची कड घट्ट धरली होती. देवा, रडू दे ते पोर, एवढंच तिच्या मनात.

बाळ रडलं.

"काढला," वहिनी धापा टाकत होती. "वायरीनं हात भाजला माझा. अहो, आपलेच होते? आणि तुम्ही मला..." ती मध्येच थांबली. "अगं बाई, काकू!" आणि फोन तसाच टाकून ती शेजारी धावली.

दादानं दुसऱ्या फोनवरून रेडिओचा नंबर स्वतः लावला. "लाल हीटर बंद करा, असं सांगा."

"कुणाचा म्हणालात?" पलीकडून विचारणा झाली.

"आमचा," दादा म्हणाला. मग घसा खाकरून मोठ्यानं म्हणाला, "आमचा."