तांडेल मेलाच कसा

सासूबाईंची नजर अधू झाली, तेव्हा त्या जन्मात पहिल्यांदाच रिकाम्या बसल्या. सगळं आयुष्य शिवणयंत्रावर गेलेलं. कादंबरी वाचायला सवड कुणाला होती? मुलाने आपली जीव की प्राण असलेली जाडजूड ऐतिहासिक कादंबरी कपाटातून काढली आणि वाचून दाखवायचं काम बायकोच्या गळ्यात घातलं. तो स्वतः जमिनीच्या मोजणीसाठी सदा गावोगाव.

सून दातांच्या कवळ्या बनवायची. न बसणारं घासून बसतं करण्यात तिचा हातखंडा. दुपारी कामावरून आली की ती वाचायला बसे. तटबंदीची वर्णनं तिने पहिल्याच आठवड्यात गाळली. सरदाराचं दुसरं लग्न सासूबाईंना रुचणार नाही, म्हणून तेही उडवलं. आणि ज्या दिवशी डॉक्टरांनी डोळ्यांची आशा सोडायला सांगितली, नेमका त्याच दिवशी पुस्तकात होडीवरचा म्हातारा तांडेल तोफेच्या गोळ्याने मरायला टेकला होता. सासूबाईंचा तो भारी लाडका. सुनेच्या जिवावर आलं. तिने गोळा पाण्यात पाडला.

माणूस जिवंत ठेवला की त्याला काम द्यावं लागतं. तांडेल सरदाराला खडसावू लागला, वेढ्यातून होड्या बाहेर काढू लागला. शेवटी शेवटी तर सगळी लढाई त्याच्याच भरवशावर चालली होती.

मग त्याच कादंबरीवर सिनेमा आला. तिघंही गेले. सासूबाई कान देऊन ऐकत होत्या. मध्यंतराआधीच तांडेल गेला.

“मेला? असा कसा मेला?” त्यांनी विचारलं, आणि पुढच्या दोन रांगा मागे वळल्या.

घरी येऊन त्यांनी दिग्दर्शकाची सालटी काढली. एवढ्या चांगल्या पुस्तकाची माती केली मेल्याने; निदान वाचायचे तरी कष्ट घ्यायचे. मुलगा चाट पडला. पुस्तकातला काना-मात्राही हललेला नाही, हे तो परोपरीने सांगत राहिला. सून मोरीपाशी एकच बशी बराच वेळ पुसत होती.

रविवारी तो स्वतःच पुस्तक घेऊन आईसमोर बसला. बुरूज, खंदक, दगड, चुना. चौथ्या पानावर आईला डुलकी लागली.

जागी झाल्यावर ती म्हणाली, “तुला वाचता येत नाही रे. पुस्तक तिच्याकडे दे.”

नवरा ठाण मांडून बसलेला, तेव्हा आज छापलंय तेच वाचावं, असं सुनेने ठरवलं. पण सासूबाई मांडी सावरून ताठ बसल्या होत्या. तिने त्याच्याकडे न बघता चार पानं एकदम उलटली आणि तांडेलाला वादळात लोटलं. नवऱ्याने पुस्तकाकडे पाहिलं, मग आईकडे.

संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात घुटमळला. आता झाडाझडती, असं तिला वाटलं.

“ती होडी,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “किनाऱ्याला लागते ना?”

“उद्या दुपारी कळेल.”

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली.