फोटोला लागलेला दम

बोरी अरब गावात दर गुरुवारी मेलेली माणसं श्वास घेत. सोनूबाबाच्या मांडवात टेबलावर मयताचा फोटो, त्यापुढं रेकॉर्डर. बाबा प्रश्न विचारायचा, सगळे चिडीचूप बसायचे. मग रेकॉर्डिंग भोंग्यावर लागायचं. प्रश्नानंतर हळूहळू चढत यायचं, "खर्रर्र..." आणि दोनशे हात जोडले जायचे.

मागच्या रांगेत कपिल जळत होता. परवापरवापर्यंत हा सोन्या त्याच्यासारखाच लग्नात डीजे वाजवायचा. त्यानं कपिलच्या ऑर्डरी पळवल्या, ते कपिलनं सोसलं. आता त्यानं कपिलचा बाप पळवला होता. नानाजी हयातीत पोराशी दिवसाला चार शब्द बोलायचे, त्यातले दोन 'वायर गुंडाळ'. मेल्यावर मात्र सोन्याकडे वेळेवर हजर!

"नानाजी, तुमचा माइक मले द्यायचा न?" सोनूबाबानं फोटोला विचारलं.

भोंगा म्हणाला, "खर्रर्र..."

"पाहा, हो म्हणून राह्यले! मी बोलत होतो तवा गप्प होते. संस्कारी आत्मा!"

कपिलच्या आईनं, मैनाबाईनं डोळे पुसले. नवऱ्यानं तीस वर्षं गावच्या लग्नांत वापरलेला माइक तिच्या मांडीवर होता. "तोच त्यायचा दमा, बाप्पा. घेऊन जा."

"आई, मले काहून नाही बोलत ते?" कपिल ओरडला.

"तू कधी विचारलं त्यायले?"

हे फार लागलं. कपिल तरातरा टेबलाशी गेला. वडिलांचा फोटो उचलून त्यानं तिथं सोनूबाबाचंच हसरं पोस्टर ठेवलं.

"सोनूबाबा, तुम्ही वारले का?"

थांबला. वाजवलं. "खर्रर्र..."

"हो म्हणून राह्यले."

"कधी जी?" पुढच्या रांगेतली भुरीबाई कळवळली. "तेरवीचं सांगतलंही नाही!"

"आत्म्याचा अपमान!" सोनूबाबा किंचाळला. कपिलनं रेकॉर्डरचं 'ऑटो' बटण बंद केलं, पुन्हा विचारलं आणि वाजवलं. या वेळी प्रश्नानंतर शांतता. पोस्टर मेलं.

"शांतता झाली की हे मशीन आपली लेव्हल आपणच चढवते," कपिल म्हणाला. "मंग त्याची सोताची खरखर मोठी होते. आपण बोललो की लेव्हल उतरते. हेच ते संस्कार."

"पण दम्यावानी काहून?" मैनाबाईनं विचारलं.

"मशीन आवाज आकड्यांत लिहिते, आई. यानं सगळ्यात हलकी सेटिंग ठेवली, आकड्यांच्या पायऱ्या कमी. बारीक आवाज दोन-तीन पायऱ्यांवरच उड्या मारते. तो फुगवला की असा फाटते."

"म्हणजे ते सोनूसंगंही नाही बोलले?"

"नाही." लाज वाटावी इतका आनंद कपिलला झाला. आईचा चेहरा पाहून तो ओसरला.

मैनाबाईनं माइक त्याच्या हातात दिला. त्यानं तो भोंग्याला जोडला.

"उत्तर आलं म्हणून हात जोडू नका," तो गावाला म्हणाला. "तोच प्रश्न दुसऱ्या फोटोले विचारा. तेच उत्तर आलं, तर बोलणारा फोटोत नाही."

 कुठूनही खरखर आली नाही.

"झालं?" मैनाबाई उठली. "वायर गुंडाळ."