बाहेरचे पत्ते

"सगळ्या परदेशांना कुलूप ठोका, बाई. तसं एक बटण आहे ना?"

"आहे की, साहेब. पण मग आपली माणसं येणार कुठून? ती तर परदेशातच असतात."

कुलूप ठोकायला सांगणारे हे कप्तानसाहेब. खलाशी कल्याण कार्यालयाचे ते प्रमुख. निम्मं आयुष्य समुद्रावर गेलेलं, त्यामुळे चार भिंतींतही वाऱ्याशी भांडल्यासारखं बोलत. आदल्या दिवशी कुणीतरी कार्यालयाच्या साइटवर हल्ला केला होता. पासवर्डच्या पानावर खोट्या विनंत्यांचा असा मारा झाला, की खलाशी आणि त्यांच्या घरच्यांमधली निरोपांची देवघेव दिवसभर ठप्प झाली. आता नवी फायरवॉल आली होती, आणि कुणाला आत घ्यायचं, कुणाला दारातूनच परत पाठवायचं, हे ठरवायचं काम ताईंकडे होतं.

ताई म्हणजे कार्यालयाचा एकखांबी संगणक विभाग. पन्नाशीच्या, कपाळावरचा चष्मा टेबलभर शोधणाऱ्या. त्यांचे वडील जहाजाच्या इंजिनखोलीत होते. वडिलांपेक्षा त्यांची वाट पाहण्याचीच सवय घराला जास्त. हे त्या कुणाला सांगत नसत.

पासवर्डच्या पानावर त्यांनी लगेच बंदोबस्त केला. बाकी ठिकाणी मात्र फायरवॉलला अडवू दिलं नाही. नुसत्या नोंदी करायला लावलं.

"चोर सुटलेत आणि तुम्ही हजेरी घेत बसलाय?" साहेब तडकले.

"हजेरी घेतल्याशिवाय चोर कोण नि पाहुणा कोण, कळणार कसं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी संगणकाचा पडदा लाल झाला. एकाच परदेशी इंटरनेट-पत्त्यावरून विनंत्यांची रीघ लागली. नोंदीत शेरा उमटला : हल्ल्याची शक्यता, अडवायला हवं होतं.

साहेब धावत आले. "बघा! आता तरी अडवा!"

ताईंचा हात माउसवर गेला आणि थांबला. हल्ला असेल तर साइट पुन्हा आडवी होणार, आणि या वेळी खापर सरळ त्यांच्या डोक्यावर. त्या एकेक नोंद वाचत गेल्या. माणसं वेगवेगळी, पासवर्ड पहिल्या फटक्यात बरोबर आणि सगळ्यांची धाव निरोपाच्या पानाकडे. निरोप उघडून खात्री करता आली असती. त्यांनी एकही उघडला नाही.

"साहेब, ही एका जहाजावरची माणसं वाटतात. बऱ्याच दिवसांनी सिग्नल मिळाला असेल. अख्ख्या जहाजाचा पत्ता बाहेर एकच दिसतो, म्हणून हल्ल्यासारखं वाटतंय. ही झुंबड आहे, दुसरं काही नाही."

"खात्री आहे?"

"जवळजवळ."

"आणि चुकलात तर?"

"तर मी चुकले."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "धुक्यात जहाज हाकताना मीही एवढ्याच खात्रीवर हाकायचो," ते म्हणाले, आणि खुर्चीमागे उभे राहिले.

थोड्या वेळात गर्दी आपोआप ओसरली. मग ताईंनी नियम पक्के केले. विनंत्या मोजायच्या त्या पत्त्यामागे नाही, माणसामागे. पासवर्ड पुन्हा पुन्हा चुकवणाऱ्याला तिथेच रोखायचं. देश सगळे खुले. संध्याकाळी खरा हल्ला आला, पासवर्डच्या पानावर आपटला आणि तिथेच जिरला. साइटला साधी शिंकही आली नाही.

"मानलं बुवा!" साहेबांचा आवाज पार जिन्यापर्यंत गेला.

सकाळी फोन वाजला. पलीकडे एक बाई होती.

"माझा भाऊ जहाजावर आहे. त्याला निरोप द्यायचाय, पण आत्ता मला काही सुचत नाही. तुम्ही लिहाल का?"

"लिहिते. सांगा ना."

"अण्णा पहाटे गेले म्हणावं. आणि लिहा, काल दुपारी तुझा निरोप आला, तो त्यांना वाचून दाखवला. पुन्हा वाच म्हणाले. मी पुन्हा वाचला."

ताईंनी एकही शब्द न बदलता लिहिलं, तिला वाचून दाखवलं आणि पाठवलं. मग फोन ठेवला.

"कुणाचा फोन?" साहेबांनी दारातून विचारलं.

"कालच्या जहाजावरच्या एकाच्या घरचा. वडील गेले त्याचे."

साहेब आत आले. खुर्ची ओढून शेजारी बसले. जहाज पुन्हा सिग्नलबाहेर गेलं असावं. निरोपापुढे 'पोचला' असं उमटायची दोघं वाट पाहत राहिली.