छत्री मिटा, मुकादम

केसरबाईच्या धर्मपालने कॉलेजात पाच वर्षं काढून बी.ए.ऐवजी बँड मिळवला होता. दोन इलेक्ट्रिक गिटार, एक ड्रम आणि मानेवर केस रुळणारी चार पोरं. १९७४च्या दसऱ्याला चाळ कमिटीच्या कार्यक्रमात हा बँड आईचं जुनं गाणं वाजवणार, असं त्याने सांगितलं, आणि केसरबाईने त्याच दिवशी कुंभारी गावी मैत्रिणीकडे निरोप धाडला. येसूबाई, काय बी करून ये. शिवप्पा पहिल्या रांगेत बसणार हाय.

गाणं वीसेक वर्षांपूर्वीचं. गिरणीच्या रिळिंग खात्यात, जिथे बाया सूत गुंडाळायच्या, तेव्हा शिवप्पा मुकादम होता. बारा महिने छत्री बाळगायचा, छपराखालीसुद्धा. बायांचे पदर जागेवर आहेत की नाहीत हे पाहण्याची जबाबदारी त्याने स्वखुशीने अंगावर घेतली होती, आणि ते काम तो छत्रीच्या टोकाने करायचा. साहेबाकडे तक्रार गेली. साहेबाने ती चौकशीसाठी शिवप्पाकडेच पाठवली.

मग येसूबाईने गाणं रचलं. खंडेनवमीला यंत्रांची पूजा आटोपली आणि केसरबाई, येसूबाई, गोजरबाई या तीन पोरी सगळ्या खात्यासमोर उभ्या राहून टाळ्यांच्या ठेक्यावर गायल्या, 'छत्री मिटा, शिवप्पा मुकादम, छपराखाली पाऊस कुटं?' दुसऱ्या दिवसापासून छत्री घरी राहिली. येसूबाईही घरीच राहिली, कारण हजेरीतून तिचं नाव उडालं होतं. गोजरबाई पुढे वारली. शिवप्पा रीतसर निवृत्त होऊन चाळ कमिटीचा अध्यक्ष झाला.

कार्यक्रमाला येसूबाई नवं लुगडं नेसून आली आणि बायकांच्या सतरंजीवर केसरबाईला खेटून बसली.

"मला त्याचं तोंड बगायचंय," ती म्हणाली. "तेवडं बगते आन् जाते."

पडदा सरकला, गिटार किंचाळली. चाल तीच होती, फक्त पाठीमागे कुत्रं लागल्यासारखी पळत होती. शब्द आले, 'छत्री उघड ना, डार्लिंग, पाऊस आला, ये ना जवळ!' मुकादम कुठेच नव्हता. पोरं खुर्च्यांवर चढून नाचू लागली. पहिल्या रांगेत शिवप्पा गुडघ्यावर ताल धरून डोलत होता.

गाणं संपताच केसरबाईने स्टेजच्या कडेला लेकाला गाठलं. गाण्यातला मुकादम कुठं गेला, एवढंच तिने विचारलं.

"आये, अध्यक्षाचं नाव घेऊन अध्यक्षाकडनं स्टेज मिळतंय व्हय?" धर्मपाल घाम पुसत हसला. "आन् मुकादम कुणाला कळतोय आता? लोकं बघ की, कशी नाचायलीत."

मॅट्रिक पास झाला त्या दिवशीही त्याचा चेहरा इतका उजळला नव्हता. ती मागे वळली.

तेवढ्यात शिवप्पाने माईक हातात घेतला. "ह्ये गाणं आमच्या खात्यातल्या पोरींचं," तो गहिवरून म्हणाला. "माझ्यावरच रचलं हुतं की. लई गोड म्हणायच्या. वन्स मोर!"

लोक कौतुकाने हसले. धर्मपालच्या गळ्यात हार पडला.

केसरबाई सतरंजीवर परतली तेव्हा येसूबाई समोर एकटक बघत होती.

"गोड लागलं हुतं म्हन त्याला," ती म्हणाली.

बँड पुन्हा सुरू झाला तशी येसूबाई उठून उभी राहिली. पदर खोचला, टाळी धरली आणि जुने शब्द जुन्या संथ चालीत म्हणू लागली. ड्रमपुढे तो आवाज चार बायांपलीकडे जाईना. त्या चौघी मात्र वळून बघू लागल्या. स्टेजवरून धर्मपालनेही पाहिलं. गाता गाताच त्याने आईकडे बघून मान हलवली. नको.

तिघी पोरी आळीपाळीने एकेक ओळ म्हणायच्या. पहिली येसूबाईची, दुसरी केसरबाईची. येसूबाईची ओळ संपली. टाळी चालू ठेवून ती केसरबाईकडे बघत थांबली.

केसरबाईने पदर तोंडाला लावला.

येसूबाईने थोडा वेळ वाट पाहिली. मग तिने पहिलीच ओळ पुन्हा धरली.