उजव्या स्क्रीनवरची माणसं

कोंडाजी पाळदे तोफखान्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले, देवळाली कॅम्पातल्या आपल्या घरी कायमचे राहायला आले, तरी त्यांच्या अंगातली परेड काही गेली नाही. चपला भिंतीला चिकटून सरळ हव्यात, तांब्या ठरल्या जागी हवा, पेपर वाचून झाला की घडीवर घडी बसलेली हवी. त्यांच्या बायकोनं, लंकाबाईंनी, हे सगळं चालवून घेतलं. उभी नोकरी नवरा लांब होता, घर त्यांनी आपल्या पद्धतीनं चालवलं होतं. आता माणूस घरात आहे तर चार गोष्टी त्याच्या मनासारख्या होऊ देत, असं त्या म्हणायच्या.

ही २००८च्या हिवाळ्यातली गोष्ट. कोंडाजींच्या तुकडीतल्या जुन्या जवानांचा मेळावा देवळालीत भरायचा होता, आणि सगळ्यांचे फोटो जमवून ते पडद्यावर दाखवायचं काम कोंडाजींनी अंगावर घेतलं होतं. पुण्याला नोकरीला असलेल्या मुलानं, भारतनं, त्यासाठी दिवाळीत कॉम्प्युटर आणून दिला. सोबत एक नवा चपटा मॉनिटर आणि त्याच्याकडे पडून असलेला जुना, पाठीला कुबड असलेला मॉनिटरही. दोन्ही शेजारी शेजारी जोडून दिले. एक स्क्रीन संपली की माउसचा बाण सरळ दुसरीवर जायचा, याचं कोंडाजींना बरेच दिवस नवल वाटत होतं. हा सगळा थाट रस्त्याकडच्या खोलीत मांडला. तिथं लंकाबाईंचं शिलाई मशीन होतं, ते मागच्या पडवीत गेलं.

कोंडाजी हळूहळू शिकले. दोन बोटांनी नावं टाइप करू लागले. प्रत्येक जवानाचं एक फोल्डर केलं, त्यात त्याचे फोटो ठेवले आणि ती फोल्डरं स्क्रीनवर रांगेत उभी केली. डाव्या, नव्या स्क्रीनवर हयात असलेले. उजव्या, जुन्या स्क्रीनवर गेलेले. कोणी आजारानं गेला होता, कोणी अपघातात, दोघं सीमेवर. उजवीकडच्या रांगा त्यांनी फार जपून लावल्या. कोणाशेजारी कोण, हेसुद्धा ठरवून. बराकीत ज्यांच्या खाटा जवळजवळ होत्या, त्यांना तिथंही जवळजवळ ठेवलं.

एका संध्याकाळी ते फिरून आले, खुर्चीत बसले, पासवर्ड टाकून मान वर केली आणि बघतच राहिले. उजवी स्क्रीन रिकामी होती. तिथली सगळी फोल्डरं डावीकडे येऊन पडली होती, जिवंत माणसांच्या रांगांत मिळेल तिथं घुसलेली.

आपलाच हात लागला असेल म्हणून त्यांनी एकेक फोल्डर उचलून परत जागेवर नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारची डुलकी काढून आले, तर पुन्हा तेच.

कॅम्पाच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा अबरार होता, त्याला त्यांनी बोलावलं. त्यानं मागच्या वायरी हलवून पाहिल्या, व्हायरस शोधला, काही सापडलं नाही.

"काका, आयकॉन असे आपोआप चालत नसतात," तो म्हणाला. "घरातलंच कोणीतरी हात लावतंय."

तो सहज बोलला आणि चहा पिऊन निघून गेला. ते वाक्य मात्र कोंडाजींच्या डोक्यात ठाण मांडून बसलं.

घरात होतं कोण? ते स्वतः, लंकाबाई, आणि झाडलोट अन् भांड्यांना येणारी मैना. कोंडाजींनी मैनावर नजर ठेवायला सुरुवात केली. ती खोलीत शिरली की तेही पेपर घेऊन तिथं येऊन बसायचे. तिनं टेबल पुसायला फडकं उचललं की पेपर हळूच खाली यायचा. एकदा त्यांनी तिला विचारलं, तुझ्या घरी कॉम्प्युटर येतो का कुणाला. ती कौतुकानं म्हणाली, पोरगी शाळेत शिकते थोडंफार. एवढ्या उत्तरावर कोंडाजींचा निम्मा खटला उभा राहिला. पोरीचं ऐकून ही काहीतरी दाबून बघत असणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी मैनाला सांगून टाकलं की या खोलीत तू पाऊल टाकायचं नाही, झाडायलासुद्धा नाही. मैनानं का म्हणून विचारलं नाही. महिना भरला आणि ती यायचीच बंद झाली. लंकाबाईंना वाटलं, तिला दुसरीकडे चांगलं काम मिळालं असेल.

आणि फोल्डरं हलायची काही थांबली नाहीत.

आता उरलं एकच माणूस. कोंडाजींना आधी स्वतःचीच लाज वाटली. पण मन एकदा त्या वाटेला लागल्यावर त्यांना बारीकसारीक गोष्टी आठवायला लागल्या. पासवर्ड म्हणून त्यांनी आपला फौजेतला नंबर ठेवला होता. तो नंबर आणखी कोणाला पाठ असणार? लंकाबाईंना. वर्षानुवर्षं पत्राच्या प्रत्येक पाकिटावर त्यांनीच तर तो आपल्या हातानं लिहिला होता. शिवाय एकदा त्या बोलल्या होत्या की एवढी गेलेली माणसं घरात मांडून कशाला बसायचं. आणि परवा मफलर विसरला म्हणून कोंडाजी अर्ध्या वाटेतून परत आले, तेव्हा लंकाबाई त्याच खोलीतून बाहेर येत होत्या. हातात ना झाडू, ना फडकं.

कोंडाजींनी सापळा लावला. पासवर्ड काढून टाकला, म्हणजे चोराला दार सताड उघडं. मग दारापासून टेबलापर्यंत फरशीवर टाल्कम पावडर अगदी पातळ भुरभुरली. लंकाबाईंना सांगितलं, भगूरला जाऊन येतो, उशीर होईल. भगूरला ते गेलेच नाहीत. स्टेशनातल्या बाकावर एकटेच बसून राहिले. समोरून एक पॅसेंजर गेली, तीत कोण चढलं, कोण उतरलं, त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. बायकोवर पहारा बसवून आपण इथं बसलोय, हे मात्र सारखं मनात येत होतं.

परत आले तर फरशीवर पावलं उमटली होती. अनवाणी, लहान, डाव्या पायाचा अंगठा जरा बाहेर वळलेला. ती कोणाची, हे ओळखायची गरज नव्हती. पावलांवरची नजर न काढताच त्यांनी माउस हलवला, मग मान वर केली. उजवी स्क्रीन रिकामी.

लंकाबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. कोंडाजींनी हाक मारली तशा पदराला हात पुसत आल्या.

"हे पाय कुणाचे?" कोंडाजींनी विचारलं.

लंकाबाईंनी फरशीकडे पाहिलं, मग आपल्या पावलांकडे. "माझे. पावडर तुम्ही टाकली व्हय? मला वाटलं, सांडली."

"म्हणजे तू येतेस इथं."

"येते. तुम्ही बाहेर गेलात की येते."

"आणि माझ्या मशीनला हात लावतेस."

"नाय लावत."

कोंडाजींचा आवाज चढला. पाऊल कबूल आणि हात कबूल नाही, हे कसं, असं त्यांनी विचारलं. मैनाला उगाच संशयानं घालवली, चोर तर घरातच होता, असंही बोलून गेले. इतका वेळ शांत असलेल्या लंकाबाईंचा चेहरा तेव्हा बदलला.

"मैनाला तुम्ही ह्याच्यापायी घालवली?"

 लंकाबाईंनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि टेबलाशेजारी बसल्या.

"मांडा तुमची माणसं जागेवर," त्या म्हणाल्या. "मी हितंच बसते. तुम्ही पण बसा. कोण हलवतंय ते दोघं मिळून बघू."

कोंडाजी रागारागात फोल्डरं उचलून उजवीकडे नेऊ लागले. लंकाबाई पहिल्यांदाच ती नावं इतक्या जवळून वाचत होत्या. एका नावाशी त्यांनी थांबवलं. वाळू भोर, म्हणजे आपल्या लाईनीत राहायला होता तोच का, त्यांनी विचारलं. कोंडाजी हो म्हणाले. त्याच्या पोराची झबली मी शिवली होती, एवढंच त्या बोलल्या. कोंडाजींचा हात थोडा सावकाश झाला.

सगळं लागल्यावर दोघंही हात मांडीवर ठेवून बसले. सरावाच्या रेंजवरून तोफांचे आवाज येत होते. तिकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. बऱ्याच वेळानं मशीन झोपी गेलं आणि दोन्ही स्क्रीन काळ्या झाल्या. लंकाबाई म्हणाल्या, आता उठवा. कोंडाजींनी माउसला बोट लावलं.

डावी स्क्रीन उजळली. उजवी अजून काळीच होती. आणि दोघांच्या डोळ्यांदेखत उजवीकडची सगळी फोल्डरं डावीकडे भसाभस येऊन पडली. नंतर कुठं जुन्या मॉनिटरनं कुरकुर केली, हळूहळू उजेड धरला, तेव्हा त्याच्यावर काहीच नव्हतं.

एरवी कोंडाजी मान खाली घालून दोन बोटांनी पासवर्ड टाकत असायचे, तेवढ्यात हे होऊन गेलेलं असायचं. पुढे भारतनं फोनवर कारण सांगितलं. जुना मॉनिटर उशिरा जागा होतो, मशीनला वाटतं तो काढून नेला, म्हणून त्याच्यावरचं सगळं ते नव्यावर आणून टाकतं. स्लीप बंद करून टाका, बाबा, एवढाच त्यावर उपाय.

पण त्या घडीला कोंडाजींना कारणाचं काही पडलेलं नव्हतं. त्यांनी बायकोकडे बघायचं टाळलं आणि फरशीवरच्या पावलांकडे पाहिलं. आता नीट दिसलं की पावलं टेबलापाशी थांबलीच नव्हती. ती टेबलाच्या बाजूनं खिडकीकडे गेली होती.

"मग तू हितं कशाला येतेस?"

लंकाबाईंनी खिडकीकडे पाहिलं. मग त्यांनी सांगितलं. या खिडकीशी त्यांचं मशीन होतं. कोंडाजी नोकरीवर असताना त्या इथंच बसून कॅम्पातल्या बायकांची पोलकी शिवायच्या, भारतचा अभ्यास घ्यायच्या. पलीकडच्या गल्लीतल्या खातूनबी बाजारातून येताना इथं गजाला धरून उभ्या राहायच्या, दोघी हसायच्या, कधी रडायच्यासुद्धा. अजूनही त्या याच वाटेनं जातात. म्हणून लंकाबाई त्या वेळेला खिडकीत येऊन उभ्या राहायच्या.

"पडवीत बसलं की समोर भिंत दिसते," त्या म्हणाल्या.

"मग सांगायचं नाय का तसं?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही अन् भारतनं मशीन उचललं, तेव्हा मी वणीला गेले होते. आले तर खोलीत हे."

दुसऱ्या दिवशी कोंडाजींनी कॉम्प्युटर मधल्या खोलीत हलवला आणि शिलाई मशीन एकट्यानं ओढत पुन्हा खिडकीशी आणलं.  दोन-चार दिवस लंकाबाई मशीनवर बसल्या नाहीत. मग एके दिवशी खातूनबींचा आवाज ऐकू आला, आणि पाठोपाठ मशीनचाही.

मैनाचं तेवढं सोपं नव्हतं. ती आता लॅम रोडवरच्या एका बंगल्यात कामाला होती. कोंडाजी इस्त्रीचा शर्ट घालून तिथं गेले, फाटकाशी उभे राहिले, आणि ती बाहेर आल्यावर झालेली चूक त्यांनी सरळ सांगितली. आजवर साहेबांसमोर ताठ उभा राहिलेला माणूस, फाटकाचा गज धरून बोलत होता. मैनानं सगळं ऐकून घेतलं.

"पोरीनं विचारलं होतं मला, आई, सुभेदारबाबांनी तुला खोलीत का येऊ दिलं नाही," ती म्हणाली. "मला काही सांगता येईना."

परत येशील का, असं कोंडाजींनी विचारलं. इथल्या बाईंना शब्द दिलाय, असं सांगून ती आत गेली. तिनं रागानं नाही सांगितलं, पण थांबलीही नाही.

मेळावा चांगला झाला. पडद्यावर एकेक फोटो आला तशी माणसं नावं घेत राहिली, वाळू भोरची बायको लंकाबाईंच्या शेजारी बसली होती. लोकांनी कोंडाजींची पाठ थोपटली.

स्लीप बंद केल्यापासून एकही फोल्डर जागचं हललं नाही. तरी बाहेरून आले की कोंडाजी चपला काढायच्या आधी मधल्या खोलीत डोकावून उजवी स्क्रीन बघायचे, आणि तिथून नकळत खिडकीकडे. लंकाबाईंना पाठमोरं बसूनही ते कळायचं. त्या मान वळवायच्या नाहीत, पायाखालचं मशीन तेवढं क्षणभर थांबायचं.